पडद्यावरची पहिली बाई

मागच्या महिला दिनाला आम्ही बचतीवर एक छोटं नाटक बसवलं. सासू मिळाली, सावकार मिळाला, पण सुनेच्या कामाला एकही बाई उभी राहीना. "चारचौघांत तोंड रंगवून उभी राहणार का?" असं घरून विचारलं गेलं. शेवटी दहावीच्या एका पोराला लुगडं नेसवलं. मिसरूड फुटायचं होतं म्हणून निभावलं.

शंभर वर्षांपूर्वी दादासाहेब फाळक्यांनाही हीच अडचण आली होती. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला. मूकपटात बोलणं नाही. चित्रं हलायची, मधे मधे लिहिलेल्या पाट्या यायच्या. तारामती व्हायला बाई मिळेना. वेश्यावस्तीतही विचारून झालं, तिथूनही नकारच आला. मग हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुवायच्या, सगळ्या मंडळींना रांधून वाढायच्या. दागिनेही त्यांनी याच कामाला दिले. पण ते सगळं पडद्यामागं.

त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' आला. भस्मासुराची गोष्ट आपल्याला कीर्तनातून ठाऊक आहेच. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, आणि मोहिनी झाली त्यांचीच लेक कमला, तेराएक वर्षांची. आपल्या सिनेमात बाईचं काम बाईनं केलं ते असं, मायलेकींनी मिळून.

दुर्गाबाईंना हौस होती म्हणून त्या आल्या, असं आम्हाला वाटत नाही. त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या, पदरात पोर होतं. त्या काळी अशा बाईला कोण उभं करणार? ना गट, ना बँक, ना कर्ज. त्या फिरत्या नाटक मंडळीत शिरल्या. गावोगाव मुक्काम, आज इथं, उद्या तिथं. लेक त्यातच वाढली, लहानपणापासून रंगमंचावर उभी राहिली. समाजानं नावं ठेवली, वाळीत टाकलं. आपण तरी काय वेगळं करतो? जत्रेतल्या तमाशाला गर्दी करतो आणि त्यातल्या बाईबद्दल घरी येऊन काहीबाही बोलतो.

कमलाबाईंचं पुढं रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं. तेही नाटकातलेच. पण ते तरुणपणीच गेले. मागं तीन मुलगे. कमलाबाईंनी काम सोडलं नाही, पुरुषाच्या भूमिकासुद्धा केल्या. अण्णा साळुंके बाई झाले होते, ही बाई पुरुष झाली! लालजी आणि सूर्यकांत तबल्यात नावाजले, चंद्रकांत गोखले नट झाले. टीव्हीवर आणि सिनेमात आपण पाहिलेले विक्रम गोखले हे चंद्रकांतरावांचे चिरंजीव, म्हणजे कमलाबाईंचे नातू. बोलपट आल्यावरही त्या काम करत राहिल्या. म्हातारपणी रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला.

यंदाच्या नाटकाची तालीम येत्या मंगळवारी, हप्ता भरून झाल्यावर आहे. सुनेचं काम अजून रिकामं आहे.