कीर्द आहे, खतावणी नाही

बिटकॉइनच्या ब्लॉकसाखळीला सर्रास खातेवही म्हटले जाते. परंतु जुन्या हिशेबलेखनाच्या परिभाषेत ती खतावणी, म्हणजे खात्यांनुसार नोंदी लावलेली वही, नसून कीर्द आहे, म्हणजे व्यवहार ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने ते नोंदणारी वही आहे, आणि तिच्यातून हवा तो व्यवहार आज्ञावलीने काढण्याच्या तंत्राचा इतिहास हा बव्हंशी या कीर्दीला मागाहून खतावणी जोडण्याचा इतिहास आहे.

या रचनेची मुळे बिटकॉइनपेक्षा जुनी आहेत. राल्फ मर्कल यांनी १९७९ साली नोंदींचे हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेले ठरावीक लांबीचे ठसे, जोडीजोडीने एकत्र करत एकाच मूळ ठशापर्यंत नेणारा वृक्ष मांडला, तर स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ साली दस्तऐवजांवरील काळाचे शिक्के एकमेकांत गुंफण्याची पद्धत सुचवली. दोहोंचा रोख नोंद बदललेली नाही हे सिद्ध करण्यावर होता. ती शोधायची कशी, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने रचलेल्या, ३ जानेवारी २००९ या तारखेच्या पहिल्या ब्लॉकपासून हाच स्वभाव दिसतो. मूळ रचनेतील फाइलमध्ये प्रत्येक ब्लॉकच्या आधी एफ९, बीई, बी४, डी९ असे चार खुणेचे बाइट आणि चार बाइटांत लांबी असते. त्यानंतर ८० बाइटांचे शीर्ष, ज्यात मागील ब्लॉकचा हॅश व मर्कल वृक्षाचे मूळ येते, मग व्यवहारांची संख्या आणि शेवटी एकामागून एक व्यवहार. कोणता व्यवहार कोठे सुरू होतो याची सूची कोठेच नसल्यामुळे दहाव्यापर्यंत पोहोचण्यास आधीचे नऊ उलगडावे लागतात. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, ज्या ओळखक्रमांकाने व्यवहार मागितला जातो तो त्या व्यवहाराच्या नोंदीत लिहिलेलाच नसतो. व्यवहाराच्या बाइटांवर एसएचए-२५६ ही प्रक्रिया दोनदा करून तो काढावा लागतो आणि रूढीप्रमाणे उलट्या बाइटक्रमाने दाखवला जातो. नवशिक्या प्रोग्रामरची पहिली फसगत बहुधा येथेच होते.

आरंभीच्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवहारांची सूची बर्कली डीबी या विदागारात ठेवलेली असे. २०१३ च्या ०.८ आवृत्तीत पीटर व्युले यांच्या फेररचनेनुसार लेव्हलडीबी आले, केवळ न खर्चलेल्या रकमांची नोंद हाताशी राहिली आणि संपूर्ण सूची, म्हणजे टीएक्सइंडेक्स, ऐच्छिक झाली. नोड चालवण्यास, म्हणजे साखळीची प्रत बाळगून तिची पडताळणी करण्यास, खतावणी अनावश्यक असते, ही त्यामागची कबुली होती. परिणामी 'गेटरॉट्रान्झॅक्शन' ही आज्ञा जुना व्यवहार केवळ ओळखक्रमांकावरून आणून देईलच असे नाही. त्यासाठी सूची तरी बांधलेली असावी लागते किंवा ब्लॉकचा हॅश तरी सोबत द्यावा लागतो.

पहिल्या ब्लॉकमधील ५० बिटकॉइनांचा एकमेव व्यवहार तर ही आज्ञा सूची असतानाही देत नाही, कारण सॉफ्टवेअर त्याला सामान्य व्यवहार मानतच नाही. 'गेटब्लॉक'ने मात्र तो आख्खा ब्लॉक हाती येतो, आणि त्याचे बाइट अक्षरांत वाचले की लंडनच्या 'द टाइम्स'मधील त्या दिवशीचा, बँकांना दुसऱ्यांदा सरकारी मदत देण्याविषयीचा मथळा समोर येतो.