काविळीचे मूळ कसे सापडले

वाचकहो, इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे येतात. मी कॉलेजात तेच शिकवतो. पण रोगांनाही इतिहास असतो आणि तो आपल्या घरापर्यंत येऊन पोचलेला असतो. माझ्या आईची धाकटी बहीण निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात दिली होती. सातव्या महिन्यात तिला कावीळ झाली. घरच्यांनी रिवाजाप्रमाणे काविळीची माळ घातली. माळ वाढत वाढत खाली आली की कावीळ उतरली, असा समज. माळ उतरली, पण मावशी वाचली नाही. ‘तिच्या नवऱ्यालाही कावीळ झाली होती, तो बरा झाला, मग हीच कशी गेली?’ हा प्रश्न आई पुष्कळ वर्षे विचारीत असे. त्याचे उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. तीच हकीकत आज सांगायची आहे.

गोष्ट सुरू होते दिल्लीत, १९५५ साली. त्या वर्षी यमुनेला मोठा पूर आला आणि ओसरताना नदीने आपला प्रवाह बदलला. नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटे फिरून, वजीराबादला जिथे शहरासाठी पाणी उचलत, तिथपर्यंत आले. नोव्हेंबरच्या मध्याला काही दिवस हे मिसळलेले पाणी शहराला गेले. पाणी बिघडल्याचे कामगारांच्या ध्यानात आले होते. त्यांनी क्लोरीन वाढवले. त्यामुळे पटकी आणि विषमज्वर यांची साथ आली नाही. सर्वांना वाटले, संकट टळले. पण डिसेंबर उजाडला आणि घरोघरी माणसे पिवळी पडू लागली. जानेवारी संपेपर्यंत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. डॉ. विश्वनाथन यांनी या साथीचा बारकाईने अभ्यास केला. रोगी मुख्यतः तरुण आणि प्रौढ होते, आणि गरोदर स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक होते, हे त्या वेळीच दिसून आले होते. पण असे का, हे सांगता येईना.

त्या काळी विषाणूजन्य काविळीचे दोन प्रकार मानीत. एक अन्नपाण्यातून येणारी, तिला ‘ए’ म्हणत. दुसरी रक्तातून येणारी, ती ‘बी’. दिल्लीची कावीळ पाण्यातून आली, तेव्हा ती ‘ए’च असणार, असे सर्वांनी धरून चालले. तपासून पाहण्याची सोयच नव्हती. पुढे अमेरिकेत ब्लूमबर्ग यांना १९६५ च्या सुमारास एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात ‘बी’ची खूण सापडली, त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७३ साली ‘ए’चा विषाणू दिसला. आता दोन्हींची रक्ततपासणी होऊ लागली.

इथे पुणे येते. १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढले होते. १९७८ साली त्याचे नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले आणि डॉ. खोर्शेद पावरी तिच्या संचालक झाल्या. त्या, डॉ. श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील शास्त्रज्ञांबरोबर एक साधा पण मोलाचा प्रयोग केला. दिल्लीच्या १९५५-५६ च्या साथीतील रोग्यांचे रक्तद्रव कोणीतरी जपून ठेवले होते. ते काढून तपासले. अहमदाबादच्या १९७५-७६ च्या साथीतले आणि पुण्यातल्या काही रोग्यांचेही तपासले.

ही तपासणी कशी असते ते बघा. शरीरात शत्रू शिरला की रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. एका जातीची प्रतिपिंडे ताज्या दुखण्याची साक्ष देतात, दुसऱ्या जातीची जुन्या दुखण्याची. दिल्लीच्या रोग्यांत ‘ए’ची जुनी साक्ष होती, ताजी नव्हती. म्हणजे ‘ए’ त्यांना लहानपणीच होऊन गेली होती. आणि ‘बी’नेही हे आजारपण आणले नव्हते. मग हा तिसराच कोणीतरी! पंचवीस वर्षांपूर्वीच्या रक्ताने दिलेली ही साक्ष १९८० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्याच वर्षी डॉ. खुरू यांनी काश्मीरमधील १९७८ च्या साथीवरून हाच निष्कर्ष मांडला.

पुढे रशियन शास्त्रज्ञ बालायान यांनी रोग्यांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन कावीळ ओढवून घेतली. आपल्याच विष्ठेत त्यांना तो विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. हे १९८३ साली प्रसिद्ध झाले. १९९० साली त्याची जनुके हाती आली आणि ‘ई’ हे नाव रूढ झाले. ‘ई’ची तपासणी निघाल्यावर पुण्याच्या डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांचे सहकारी पुन्हा जुन्या रक्ताकडे वळले. दिल्लीची ती साथ ‘ई’चीच होती, हे पक्के झाले. तोवर साथी आपल्या दारातही येऊन गेल्या होत्या. १९८१ साली कोल्हापूर शहरात पाण्यातून काविळीची साथ आली, तिचाही अभ्यास याच संस्थेने केला.

आता माझ्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. ‘ई’ची कावीळ बहुतेकांना आपोआप बरी होते, माळेला यश मिळते ते यामुळेच. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला ती झाली, तर शंभरात वीस ते पंचवीस जणी दगावू शकतात. माझ्या मावशीला ‘ई’च झाली होती का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. तिचे रक्त कोणी तपासले नाही, कोणी ठेवलेही नाही.

या इतिहासातून आपण काय घ्यावे? पाण्यात विषाणू गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते नऊ आठवडे जातात. कावीळ दिसते तेव्हा पाणी कदाचित पुन्हा स्वच्छही झालेले असते. म्हणून साथ येण्याआधीच जागे राहायला हवे. विहिरीत टी.सी.एल. जरूर टाकावे, पण दिल्लीचा धडा ध्यानात ठेवावा: सांडपाणी मिसळले तर नेहमीचे क्लोरीन पुरत नाही. गटारातून गेलेला फुटका नळ आधी दुरुस्त करावा. पावसाळ्यात आणि सिंहस्थासारख्या गर्दीत पाणी उकळून प्यावे. घरात गरोदर बाई असेल तर नेहमीच. तिला कावीळ झाली, तर माळेसाठी एक दिवसही न दवडता दवाखान्यात न्यावे. ‘ई’वरची लस चीनमध्ये २०११ साली मंजूर झाली, पण आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ती नाही. ‘बी’ची मात्र आहे. ‘बी’ रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला होते. म्हणून बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत ती लस टोचून घ्यावी.

आणि शिक्षक बंधूभगिनींनो, तुमच्याकडे एक विनंती. हजेरीपटाशेजारी एक लहानशी वही ठेवा. कोणत्या मुलाच्या घरी कावीळ झाली, कधी झाली, पाणी कुठले पितात, एवढेच लिहा. दोन-तीन नावे एकाच वस्तीतली निघाली की प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. दिल्लीचे कोडे कोणीतरी जपून ठेवले म्हणून सुटले. तुमच्या वहीतल्या चार ओळींनी कदाचित एखाद्या घरातली लेकीसुनेची जागा रिकामी व्हायची वाचेल.