इतवारीचे नातलग

नागपुरात एकेकाळच्या बाजाराचा वार वस्तीच्या नावातच सापडतो. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. पुण्यात रविवार पेठ आहे, आपल्याकडे इतवारी. दोन्हींच्या पोटात सूर्यच. एकीकडे रवी, दुसरीकडे आदित्य. आदित्यवार झिजून आइतवार, ऐतवार झाला आणि हिंदीच्या शेजाराने इतवार.

शब्दसंग्रह वाढावा म्हणून पोरांकडून याद्या घोकून घेतात. त्यापेक्षा कोऱ्या कागदावर मधोमध एक शब्द लिहावा आणि त्याचे सोयरे शोधावेत. 'आज' घ्या. संस्कृत अद्य, प्राकृत अज्ज, मराठी आज. 'द्य'चा 'ज्ज' झाला, मग जोडाक्षर सुटं होताना मागचा स्वर लांबला. एवढी खूण हाती आली की विद्युत्–विज्जु–वीज आपोआप दिसते आणि वाद्य न् वाजणं एकाच घरातले निघतात. 'ध्य'चीही तीच गत: संध्या–संझा–सांज. उपाध्यायाचा प्राकृतात उवज्झाय झाला, त्यातून ओझा आणि झा आले. म्हणजे आपले पाध्ये आणि मिथिलेचे झा मुळात एकच! 'त्य'चा 'च्च' होतो: नृत्य–नच्च–नाच. या हिशेबाने आदित्यचं आइच्च व्हायला हवं. प्राकृतात ते झालंही. आइतवारातला 'त' मात्र हटला नाही. रोज पंचांगात वाचला जाणारा शब्द, त्याला संस्कृतने पुरतं सोडलं नसावं.

सगळेच सोयरे खरे नसतात. सीताबर्डीचं नाव शितलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन भावांवरून पडलं, असं सांगतात. मला ही जोडी जरा जास्तच सोयीची वाटते. इकडचा शेतकरी जमिनीची प्रतवारी सांगताना काळी, मोरंड, खर्डी असं करत शेवटी बर्डीवर येतो: चढावरची, उथळ, मुरमाड. मराठीतलं बरड तेच. १८१७च्या नोव्हेंबरात भोसल्यांची फौज आणि इंग्रज जिथे भिडले, ती सीताबर्डी टेकडीच आहे. संस्कृतात सीता म्हणजे नांगराने ओढलेली रेघ, पण तेवढ्यावरून लगेच शेताची गोष्ट रचू नये. असल्या जुळण्या फार स्वस्तात मिळतात. माझ्या कागदावर बर्डीपासून बरडकडे ठळक रेघ आहे, दोघा भावांकडे तुटक. ऑटोवाल्याला यातलं काहीच नको. तो नुसतं "बर्डी, बर्डी" ओरडतो.