समलेखी शब्द (इंग्रजी)
वर्णलेखन एकच, पण अर्थ भिन्न असलेले शब्द. काहींचा उच्चारही सारखाच असतो. ‘बॅट’ म्हणजे चेंडू टोलवायची फळी आणि वटवाघूळही. व्युत्पत्ती वेगळ्या, म्हणून कोशात नोंदी स्वतंत्र. खरी पंचाईत उच्चार बदलणाऱ्यांची. एल-ई-ए-डी ही अक्षरे ‘लेड’ वाचली तर शिसे, ‘लीड’ वाचली तर नेतृत्व करणे. डब्ल्यू-आय-एन-डी म्हणजे ‘विंड’ (वारा) किंवा ‘वाइंड’ (गुंडाळणे). निवाडा संदर्भच करतो. ‘रेकॉर्ड’सारख्या शब्दांत आघात सरकतो: पहिल्या अवयवावर असता नाम, दुसऱ्यावर असता क्रियापद. देवनागरी उच्चारानुसारी म्हणून मराठी वाचक निर्धास्त असतो. पण ‘जरा’ (थोडे) आणि ‘जरा’ (वार्धक्य) यांतल्या ‘ज’चा उच्चार एक नाही.