उसना सूर : ब्रिटिश ब्लूजची हकिकत

मंडळाच्या चिटणीसांनी मला इतिहासावर बोलायला सांगितले तेव्हा त्यांच्या मनात १९८२ चा गिरणीसंप असणार, हे मी ओळखून होतो. त्या संपावर मी पुष्कळदा बोललो आहे आणि पुन्हाही बोलेन. यंदा मात्र त्यांच्याकडून निराळ्याच विषयाची परवानगी मागून घेतली. अमेरिकेतील काळ्या मजुरांचे गाणे इंग्लंडातील तरुणांनी उचलले, घोटले, गायिले आणि जगभर विकले. त्याला ‘ब्रिटिश ब्लूज’ म्हणतात. त्यात ब्रिटिश काय, उसने काय, आणि ती उसनवारी फेडली गेली की नाही, हा माझा विषय. संगीताचे शास्त्र मला येत नाही. मजुरीचा हिशेब तपासता येतो. तेवढ्या भांडवलावर मी येथे उभा आहे.

या गाण्याची आणि माझी गाठ पडली ती १९९१ साली, कारखान्याच्या फाटकाबाहेरील संपाच्या मंडपात. आमच्यातला एक फिटर पूर्वी बोटीवर नोकरीला होता. रात्रीच्या पहाऱ्याला तो टेपरेकॉर्डर घेऊन येई, आणि त्याच्यापाशी जॉन मेयॉल व एरिक क्लॅप्टन यांची एक कॅसेट होती. वेष्टनावर चौघे तरुण भिंतीला टेकून बसलेले, त्यांतला एक मुलांचे चित्रसाप्ताहिक उघडून बसलेला. इंग्रजी मी लेबर कोर्टाच्या निकालपत्रांवरून आणि डिक्शनरीवरून शिकलो, त्यामुळे बारीक अक्षर आधी वाचायची सवय. त्या वेष्टनावर गाण्यांच्या नावांपुढे कंसात माणसांची नावे होती. कोणी रश, कोणी किंग. फोटोतल्या चौघांत हे कोणीच नव्हते. मग हे कोण, आणि त्यांना काय मिळाले? तेथून माझा शोध सुरू झाला.

ब्लूज हे कष्टाचे गाणे. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत काळा मजूर अर्धेलीच्या कर्जात तसाच बांधलेला राहिला. त्या मळ्यांतून, रेल्वेच्या कामावरून, तुरुंगाच्या शेतांवरून हे गाणे आले. बांधणी साधी. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. दुसऱ्यांदा म्हणताना गाणाऱ्याला पुढचे सुचायला उसंत मिळते. जात्यावर बसलेल्या बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही. मडी वॉटर्स हा अशाच एका मळ्यावर ट्रॅक्टर चालवीत असे. १९४३ साली तो शिकागोला गेला, कागदाच्या कारखान्यात लागला, आणि तेथील गुत्त्यांच्या गलक्यात लाकडी गिटार ऐकू जाईना म्हणून त्याने विजेची गिटार हाती घेतली. शेतमजुराचे गाणे असे कारखान्याच्या कामगाराचे झाले. हा बदल ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

आता जे सांगायचे ते मला जड जाते, कारण दोष असलाच तर तो माझ्याच गोताचा आहे. १९३० च्या सुमारास बोलपट आले आणि मूकपटांच्या थिएटरांत पडद्यासमोर वाजविणारे ब्रिटनमधील हजारो वादक बेकार झाले. उरलेसुरले काम तरी परक्या बँडांनी नेऊ नये, अशी त्यांच्या म्यूझिशियन्स युनियनची मागणी होती. अमेरिकेतील युनियन ब्रिटिश बँडांना आपल्याकडे येऊ देत नव्हती. तेव्हा ‘आमचे घ्याल तर तुमचे घेऊ’ असा यांचा आग्रह. मजूरखात्याने १९३५ पासून अमेरिकन बँडांना परवाने देणे बंद केले आणि ही बंदी सुमारे वीस वर्षे टिकली. १९५६ मध्ये स्टॅन केंटनचा बँड इकडे आणि टेड हीथचा बँड तिकडे, अशी अदलाबदल झाली तेव्हा कोठे दार किलकिले झाले.

मागणी न्यायाची होती, असे मी आजही म्हणेन. तिच्या जागी मी असतो तर मीही तीच केली असती. पण परिणाम पाहा. बँडला बंदी, परंतु एकटा गाणारा मनुष्य ‘व्हरायटी’चा कलावंत म्हणून येऊ शके. बिग बिल ब्रून्झी १९५१ साली आला तो असा, एकटा, एक लाकडी गिटार घेऊन. शिकागोत हाच ब्रून्झी सूट घालून, साथीदार घेऊन, शहरी गाणे गात असे. इंग्लंडात लोकांना मळ्यावरचा मजूर पाहायचा होता, म्हणून त्याने तो उभा केला. पोटासाठी माणसाला काय काय व्हावे लागते! इंग्रज रसिकांची मात्र पक्की समजूत झाली की, अस्सल ब्लूज म्हणजे एक वयस्क काळा माणूस आणि एक लाकडी गिटार. १९५८ साली मडी वॉटर्स आपली विजेची गिटार घेऊन आला तेव्हा काही जाणकारांनी नाके मुरडली. धडा शिकून तो १९६३ मध्ये लाकडी गिटार घेऊन आला, तर तोवर तिथली पोरे विजेच्या गिटारीसाठी वेडी झालेली! बिचाऱ्याने करावे तरी काय? सांगायचे ते इतकेच की, इंग्लंडात ब्लूज आला तो माणसांच्या सहवासातून थोडा आणि तबकड्यांतून फार. ज्या विद्येचा गुरू समोर नसतो ती शिकताना चुका होतात, आणि त्यातल्या काही चुका उपयोगी पडतात.

मध्यंतरी स्किफलची लाट येऊन गेली. कपडे घासण्याची पत्र्याची फळी, चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी व दोरी लावून केलेला खर्जाचा बाजा आणि एक स्वस्त गिटार, एवढ्यावर कोणालाही मंडळ काढता येई. लॉनी डोनेगनचे ‘रॉक आयलंड लाइन’ हे १९५४ साली मुद्रित केलेले गाणे १९५६ मध्ये घरोघरी पोचले. डोनेगनला त्याची ठोक मजुरी मिळाली, थोडेसे पौंड. विक्रीवर रॉयल्टी नाही. पण त्याच्याही मागे जाऊ. त्याने ते घेतले लेड बेलीकडून. लेड बेलीने ते १९३४ साली आर्कान्सॉच्या तुरुंगात कैद्यांच्या तोंडून ऐकले. आणि त्याआधी १९२९ च्या सुमारास ते लिटल रॉक येथील रेल्वे कारखान्यातल्या काळ्या कामगारांच्या गायनचमूत, क्लॅरन्स विल्सन नावाच्या कामगाराने, आपल्या कंपनीची वाखाणणी म्हणून रचले होते. गाणे लंडनला पोचले, विल्सनचे नाव वाटेत गळले.

१७ मार्च १९६२ रोजी पश्चिम लंडनच्या ईलिंग भागात, चहाच्या दुकानाखालील एका तळघरात, ब्लूजचा क्लब उघडला. जागा अशी की वरून पाणी ठिबके. चालविणारे दोघे होते. अलेक्सिस कॉर्नर हा पॅरिसात जन्मलेला, बाप ऑस्ट्रियन ज्यू, आई ग्रीक वंशाची. दुसरा सिरिल डेव्हिस. मोटारींचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणारा, आपल्या गॅरेजांत ज्याला डेंटर म्हणतात तो. जन्माच्या दाखल्यावरून ‘ब्रिटिश’ ठरवू पाहणाऱ्यांची पंचाईत येथेच सुरू होते. त्यांच्या मंडळाची ‘आर अँड बी फ्रॉम द मार्की’ ही तबकडी नोव्हेंबर १९६२ मध्ये निघाली आणि बहुतेक लोक ब्रिटिश ब्लूजची गणना तिच्यापासून करतात. नाव मार्की क्लबचे, मुद्रण मात्र डेका कंपनीच्या स्टुडिओत झालेले! मला ती प्रामाणिक वाटते, पण बव्हंशी ती मडी वॉटर्सची नक्कल आहे. अपवाद डेव्हिसच्या माउथ ऑर्गनचा. तो फुंकतो तेव्हा पत्रा ठोकणाऱ्या हाताचा राग त्यात उतरतो. हा मनुष्य जानेवारी १९६४ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारला.

नकलेतून नवे कसे निघते याचे उत्तर मला तबकडीपेक्षा एका दुकानात सापडले. ईलिंगजवळच हॅनवेलला जिम मार्शल याचे वाद्यांचे दुकान होते. पोरांना फेंडर या अमेरिकन कंपनीचे अँप्लिफायर हवे असत, पण आयात माल महाग. तेव्हा १९६२ साली मार्शलच्या कारागिरांनी फेंडरचा एक नमुना पुढे ठेवून त्याचीच जोडणी केली. मात्र भाग वापरले ते जवळ मिळतील ते. व्हॉल्व्ह निराळे, ट्रान्सफॉर्मर निराळा, स्पीकर निराळे. यंत्र बनले तसेच, आवाज मात्र तसा आला नाही. जाड, भरदार, जोर लावला की फाटणारा आला. ज्यांनी कारखान्यात जुळवाजुळव करून मशीन चालविले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

१९६६ साली मेयॉलच्या मंडळाने डेकाच्या स्टुडिओत ‘ब्लूज ब्रेकर्स’ ही तबकडी मुद्रित केली (हीच ती आमच्या मंडपातली) तेव्हा क्लॅप्टनने आपला मार्शल रंगमंचावर वाजतो त्याच जोराने वाजवीन असा हट्ट धरला. मुद्रण करणारे हवालदिल झाले; माइक दूर नेऊन ठेवावा लागला. फ्रेडी किंगचे ‘हाइडअवे’ मूळ ऐका आणि मग हे ऐका. सूर तेच आहेत. पण किंग हसत हसत गोष्ट सांगतो, आणि हा एकवीस वर्षांचा पोरगा जणू दार ठोठावतो आहे. माझ्या मते ब्रिटिश ब्लूज येथे स्वतःच्या पायावर उभा राहिला. तबकडी तिकडच्या विक्रीच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेली.

क्लॅप्टननंतर मेयॉलकडे आला पीटर ग्रीन. पूर्व लंडनमधील ज्यू कुटुंबातला, खाटकाच्या दुकानात उमेदवारी केलेला. त्याने १९६८ मध्ये ‘फ्लीटवूड मॅक’ची पहिली तबकडी काढली, वेष्टनावर गल्ली आणि कचऱ्याचे डबे. मला विचाराल तर गाठोड्यात एकच तबकडी बांधून न्यायची झाली तर मी हीच नेईन. ग्रीनला घाई नव्हती. जेथे दुसरा दहा सूर घालील तेथे तो दोन घालतो आणि थांबतो. जानेवारी १९६९ मध्ये हे मंडळ शिकागोला चेस कंपनीच्या स्टुडिओत जाऊन ओटिस स्पॅन, विली डिक्सन अशा मूळ मंडळींबरोबर वाजवून आले. ग्रीन १९७० मध्ये बाहेर पडला. जमलेला पैसा वाटून टाकावा असे त्याला वाटू लागले होते. पुढे आजाराने त्याची फार दैना झाली. तो २०२० साली वारला.

आता हिशेब. ‘क्रीम’ या मंडळाने १९६६ च्या आपल्या तबकडीवर स्किप जेम्सचे १९३१ सालचे गाणे घेतले, त्याचे नाव दिले, आणि जेम्सला त्याच्या अखेरच्या आजारात रॉयल्टीचे पैसे पोचले. हे जमेच्या बाजूला. खर्चाच्या बाजूला लेड झेपेलिन. १९६९ सालच्या त्यांच्या ‘होल लोटा लव्ह’ या गाण्यात विली डिक्सनचे गाणे स्पष्ट होते, नाव मात्र नव्हते. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली, मग नाव आले. अठरा वर्षे! अॅनिमल्स या न्यूकॅसलच्या पाच जणांनी तर आपसांतच हे केले. ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ पाचांनी मिळून बसविले, पण १९६४ च्या तबकडीवर मांडणीकार म्हणून एकट्या ॲलन प्राइसचे नाव छापले गेले, आणि त्या नावाचा पैसाही एकट्याला. हे कोणत्याही युनियनच्या कार्यकर्त्याला ओळखीचे वाटेल.

एक हिशेब मात्र पैशात मावत नाही. ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमला क्लॅप्टनने रंगमंचावरून इनॉक पॉवेल या स्थलांतरितविरोधी पुढाऱ्याची तरफदारी केली आणि परक्यांनी देश सोडावा असे सुनावले. दोनच वर्षांपूर्वी बॉब मार्लीचे गाणे गाऊन त्याने नाव मिळविले होते. ब्लूजचे ऋण तर जन्माचे. त्या संतापातून तिकडे ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. पुढे त्याने याबद्दल शरम व्यक्त केली. त्याच महिन्यात लंडनमध्ये ग्रनविक या फिल्म धुण्याच्या कारखान्यातून जयाबेन देसाई आणि त्यांच्या सोबतिणी संपावर बाहेर पडल्या होत्या, हे मी विसरू शकत नाही. ही हकिकत मला कळली ती मंडपानंतर पुष्कळ वर्षांनी. काही आठवडे ती कॅसेट मी लावली नाही. मग लावली. रश आणि किंग त्यात होते, त्यांना का शिक्षा?

तेव्हा ब्रिटिश ब्लूज कशाला म्हणावे? जन्मगाव पाहून चालणार नाही. रोरी गॅलाघरला या यादीत घालणाऱ्यांनी आयर्लंडात कॉर्कला जाऊन ते मोठ्याने म्हणून दाखवावे. बारा ‘बार’च्या बांधणीवरही भागत नाही. मी दोनच गोष्टी पाहतो : देणेकऱ्याने नाव सांगितले का, आणि गाण्यात त्याचे स्वतःचे गाव दिसते का. या दुसऱ्या गोष्टीसाठी मी जी तबकडी पुढे करतो तिला पुष्कळ जाणकार ब्लूज मानीतच नाहीत, ‘पब रॉक’ म्हणतात. ती म्हणजे डॉक्टर फीलगुड या मंडळाची जानेवारी १९७५ ची ‘डाउन बाय द जेटी’.

टेम्सच्या मुखाशी कॅन्व्ही नावाचे बेट आहे. समुद्रसपाटीखालची जमीन, भोवती बांध, तेलाच्या टाक्या, धक्के, चिमण्यांच्या ज्वाळा. १९५३ च्या पुरात एका रात्री तेथे पन्नासाहून अधिक माणसे बुडाली. विल्को जॉन्सन तेव्हा लहान मुलगा होता. पुढे तो शाळेत इंग्रजी शिकवू लागला. मधल्या काळात जमिनीवरून प्रवास करीत भारतापर्यंतही येऊन गेला. मिसिसिपीचा ‘डेल्टा’ ज्यांनी तबकडीत ऐकला होता त्या पोरांना आपलाही एक ‘डेल्टा’ आहे हे उमगले, आणि विल्कोने कापसाऐवजी तेलाच्या मनोऱ्यांवर गाणी रचली. तबकडी एकाच ध्वनिवाहिनीची, वेष्टन काळेपांढरे, वाजविणे तुटक आणि चाकूच्या घावासारखे. पुढच्याच वर्षी त्यांची ‘स्टुपिडिटी’ पहिल्या क्रमांकावर गेली.

२०१३ साली विल्कोने आपल्याला कर्करोग असल्याचे जाहीर केले. डॉक्टरांनी थोडे महिने सांगितले होते. अखेरची म्हणून त्याने रॉजर डॉल्ट्री यांच्याबरोबर एक तबकडी केली. ती २०१४ मध्ये निघाली, शस्त्रक्रियेने तो वाचला आणि २०२२ पर्यंत जगला. त्या तबकडीवरील बहुतेक गाण्यांपुढे कंसात विल्कोचे नाव आहे. वर छाप आहे चेसची, ज्या नावाने मडी वॉटर्सच्या तबकड्या शिकागोहून निघत.