पी-पिंग (चिनी शब्द)

पी-पिंग हा चिनी भाषेतील 'टीका' या अर्थाचा शब्द आहे. तो नाम व क्रियापद अशा दोन्ही प्रकारे वापरला जातो. त्यातील दोन्ही 'प' महाप्राण आहेत. पहिले अक्षर उंच व सपाट स्वरात, तर दुसरे चढत्या स्वरात उच्चारतात.

व्युत्पत्ती
'पी' म्हणजे लेखनावर शेरा देणे. छिंग राजवटीतील सम्राट अहवालांवर लाल शाईने शेरे लिहीत. त्यांना 'चू-पी' म्हणत. 'पिंग' म्हणजे मूल्यमापन करणे. त्याच्या चित्राक्षरात 'वाणी' आणि 'समतल' ही दोन चिन्हे आहेत.

अर्थच्छटा
साहित्याच्या संदर्भात हा शब्द समीक्षा दर्शवतो. 'वन-श्वे पी-पिंग' म्हणजे साहित्यसमीक्षा. क्वो षाओ-यू यांनी लिहिलेल्या चिनी साहित्यसमीक्षेच्या इतिहासाचा पहिला खंड 1934 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात हाच शब्द आहे. त्यापूर्वी मूळ मजकुराच्या ओळींमध्येच अभिप्राय लिहिण्याची परंपरा होती. सतराव्या शतकातील जिन षंग-थान यांची 'श्वेइ-हू च्वान' या कादंबरीवरील टीका तिचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

क्रियापदाचे कर्म व्यक्ती असल्यास मात्र रोजच्या बोलण्यात अर्थ 'कानउघाडणी करणे' असा होतो. शिक्षकाने विद्यार्थ्याची 'पी-पिंग' केली, म्हणजे त्याला रागावले.

राजकीय वापर
1945 मध्ये माओ त्से-तुंग यांनी 'टीका आणि आत्मटीका' ही साम्यवादी पक्षाच्या कार्यशैलीच्या तीन वैशिष्ट्यांपैकी एक म्हणून सांगितली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (1966–1976) 'पी-तोउ' सभांमध्ये शिक्षक, लेखक व अधिकारी यांना जमावापुढे उभे करून अपमानित केले जाई, मारहाणही होई. या नावातील 'पी' हे तेच अक्षर होय.

जवळचे शब्द
'पिंग-लुन' (भाष्य, परीक्षण) हा शब्द तटस्थ आहे. 'पी-फान' अधिक कठोर असून त्यात निषेधाची छटा येते. तथापि कांट यांच्या 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा' या ग्रंथाच्या चिनी शीर्षकात तोच शब्द आहे.

मराठी अनुवाद
मराठीतील 'टीका' शब्दाचा प्रवासही असाच आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका, म्हणजे विवरण. आज टीका म्हणजे बहुधा दोषदर्शन. त्यामुळे 'पी-पिंग'साठी संदर्भानुसार समीक्षा, टीका किंवा कानउघाडणी यांपैकी शब्द निवडावा लागतो. एखाद्याच्या लेखनावर केवळ अभिप्राय दिला असे चिनी भाषेत सांगायचे असल्यास 'पिंग-लुन' वापरणे योग्य ठरते.