विटेची वळती कड : वाड्याच्या भिंतीपासून संगणकीय प्रतिमानापर्यंत

प्रस्तावना :

भिंतीची जाडी समोरून पाहून कळत नाही. ती दाराखिडकीपाशी कळते. दर्शनी विटांचे थर जेथे काटकोनात आत वळतात आणि मागे सरकवून बसविलेल्या चौकटीला भिडतात, तेथेच भिंत आपले खरे स्वरूप प्रकट करते. या भागास प्रस्तुत लेखात ‘वळती कड’ असे संबोधले आहे. बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर आणि परिसरातील गावांत जुनी घरे पाडून त्या जागी सिमेंट-काँक्रीटची घरे उभी राहत आहेत. अशा वेळी जुन्या वास्तूंची नोंद करण्याचे काम पुष्कळदा संगणकावर होते. या नोंदीत वळती कड टिकते काय, हा प्रश्न वास्तुविशारदाइतकाच इतिहासाच्या अभ्यासकाचाही आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. मराठी वाड्यातील भिंत व तिच्यातील उघाड यांचा संबंध पाहणे.
२. भार वाहणाऱ्या भिंतीपासून पडदाभिंतीपर्यंतच्या स्थित्यंतराचा आढावा घेणे.
३. संगणकीय प्रतिमानात वळत्या कडेची होणारी उपेक्षा व तिचे कारण स्पष्ट करणे.

वाड्याची भिंत :

पुण्याच्या शनिवारवाड्याचा पायाभरणी समारंभ १० जानेवारी १७३० रोजी आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. त्याच्या तटाचा खालचा भाग दगडी व वरचा विटांचा आहे. आतील इमारतींचा सांगाडा मात्र लाकडी होता. १८२८ च्या आगीत तो जळाला. दगडी जोती व तट उरले. यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. वाड्यात खांब आणि तुळया हा भार पेलणारा सांगाडा, तर पुष्कळ ठिकाणी भिंत हे त्यास दिलेले आवरण होते. वाड्याचे मापही दोन खांबांमधील ‘खणां’त सांगत असत. मराठी गवंडीकामात भार न घेणाऱ्या पातळ भिंतीला ‘पडदी’ हा शब्द आहे. म्हणजेच ही कल्पना आपणास अगदीच परकी नव्हती.

वाड्याची बाहेरील भिंत मात्र जाड असे आणि तिची जाडी उपयोगाची होती. उन्हापावसापासून राखण व्हावी म्हणून खिडकीची चौकट आत घेत. कोनाडे याच जाडीत बसत. दिंडीदरवाज्यामागचा लाकडी अडसर दिवसा ज्या पोकळीत सरकवून ठेवीत, ती पोकळीही याच जाडीत असे. वळती कड ही शोभेची बाब नव्हती. घराचे संरक्षण व सावली तिच्यावर अवलंबून होती. बारामतीत कऱ्हाकाठी असलेल्या बाबूजी नाईकांच्या वाड्यासारख्या वास्तूंकडे या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरेल.

लोखंडी सांगाडा आणि पडदाभिंत :

मुंबईतील वॉटसन हॉटेल (आजचे एस्प्लनेड मॅन्शन) १८६७ ते १८६९ या काळात उभे राहिले. त्याचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा होता. त्याचे बिडाचे सुटे भाग इंग्लंडमध्ये तयार करून मुंबईस आणले गेले आणि सांगाड्यामधील जागा विटांनी भरण्यात आली. येथे वीट उरली, पण तिच्यावरील भार गेला. याउलट शिकागो येथील १६ मजली मोनॅडनॉक इमारतीच्या १८९१ मध्ये पूर्ण झालेल्या भागात विटांच्या भिंतींनीच भार पेलला. त्यासाठी त्या तळाशी सुमारे ६ फूट जाड ठेवाव्या लागल्या. विसाव्या शतकाच्या मध्यास, न्यूयॉर्कच्या लिव्हर हाउसपासून (१९५२), काचेची पडदाभिंत हे कार्यालयीन इमारतींचे परिचित रूप झाले.

यानंतरही वीट मागे पडली नाही. लुई कान यांनी १९६२ पासून अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेसाठी केलेल्या रचनेत काच विटांच्या मोठ्या उघाडांमागे, सावलीत ठेवली. दर्शनी बाजूस वीट आणि आत सरकलेली काच हा मेळ आजही केला जातो. तेथे विटेच्या वळत्या कडेचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

संगणकीय प्रतिमानातील अडचण :

ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आले. त्यात भिंत म्हणजे प्रायः दोन समांतर रेषा होत्या. वळती कड आरेखक स्वतः काढी. २००० मध्ये आलेल्या आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलेल्या रेव्हिटमध्ये भिंत ही थरांची वस्तू झाली : बाहेर वीट, मध्ये पोकळी वा उष्णतारोधक थर, आत गिलावा. दारे-खिडक्यांपाशी हे थर आत वळविण्याची सोय त्यात आहे. परंतु भिंतीत बसविलेली काचेची पडदाभिंत ही प्रणालीच्या लेखी खिडकी नसून दुसरी भिंत असते. त्यामुळे सर्वसाधारणपणे वीट कडेशी सपाट कापली जाते आणि आतील थर उघडे दिसतात.

यावर आरेखक दोन उपाय योजतात. एक, प्रत्येक बाजूस विटेची आखूड भिंत काटकोनात काढून मूळ भिंतीस जोडणे. दोन, वळत्या कडेसह उघाडाचा स्वतंत्र घटक तयार करणे. दोन्हींत विटेचे माप पाळावे लागते. प्रमाणित भारतीय वीट १९० × ९० × ९० मि.मी. असून सांध्यासह ती २०० × १०० × १०० मि.मी. धरली जाते. कड १०० वा २०० मि.मी. खोल ठेवली तर अर्धी वा पूर्ण वीट बसते. १४० ठेवली तर गवंड्यास वीट तोडावी लागते. माथ्यावर प्रश्न अधिक गंभीर होतो. पडद्यावर विटा अधांतरी राहू शकतात. प्रत्यक्षात त्यांना कमान, लिंटल किंवा पोलादी आधार लागतोच.

निष्कर्ष :

वाड्याच्या भिंतीत जाडी आधी होती व कड तिच्यातून आपोआप निष्पन्न होत होती. पडदाभिंतीच्या काळात जाडी केवळ दाखवावी लागते, आणि संगणक तर न सांगितलेली गोष्ट दाखवीतच नाही. नव्या इमारतीत ही चूक गवंडी बांधताना सुधारू शकतो. पाडलेल्या वाड्याच्या नोंदीतील चूक मात्र सुधारता येत नाही, कारण पडताळण्यास भिंतच उरलेली नसते.

म्हणून ग्रामीण वास्तूंची नोंद घेताना प्रत्येक उघाडापाशी भिंतीची जाडी, चौकट किती आत आहे ते अंतर, विटेचे माप, माथ्याचा आधार आणि अडसराची पोकळी यांची स्वतंत्र मोजमापे घ्यावीत व आडवा छेद काढावा. इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांनी हे काम स्थानिक गवंड्यास सोबत घेऊन करावे. ओळंबा व गुण्या हाती धरणाऱ्या माणसाला जे दिसते, ते पडद्यावर उतरविण्याची जबाबदारी अभ्यासकाची आहे.